दोन व्होल्टचा हिशोब



प्रत्येक हॉस्टेलमध्ये काही खाती वाटून दिलेली असतात. एक जण विंडोज टाकून देतो, एक जण केस कापून देतो, एक जण सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण झालेली फाइल पुरवतो. आमच्या विंगमध्ये "हा हेडफोन अ‍ॅम्प घेऊ का रे?" या प्रश्नाचं खातं गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. पात्रता इतकीच, की मी ईएनटीसीचा आहे आणि माझ्या टेबलावर मल्टिमीटर असतो. (सोल्डरिंग आयर्न नसतं. रेक्टर सरांनी कृपया नोंद घ्यावी.)

प्रश्न विचारणारा प्रत्येक जण खोक्यावरचा एकच आकडा दाखवतो. एका खोक्यावर "लाइन आउट २ व्होल्ट", दुसऱ्यावर "बॅलन्स्ड आउटपुट ४ व्होल्ट", किंमत साधारण दुप्पट. दुकानदार सांगतो, "जितके व्होल्ट जास्त तितकी क्लॅरिटी जास्त." आणि समोरचा बिचारा घरून आलेल्या पैशांतून मेसचं बिल वजा करून काय उरतं याचा हिशोब मांडत बसतो. हा लेख त्या हिशोबासाठी आहे. शेवटी काय निघतं ते आधीच सांगून टाकतो: व्होल्ट हा आकडा आवाजाच्या गोडीचा नसून जागेचा आहे. जागा किती हवी हे पुढे काय जोडणार त्यावर ठरतं. जास्तीची जागा कधी उपयोगी पडते, कधी नुसती पडून राहते आणि कधी कानाला महागात पडते.

लाइन लेव्हल आली कुठून?

डॅक म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनलॉग कन्व्हर्टर. मोबाइलमधल्या शून्य-एकचं व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारी चिप. तिच्यातून निघालेला सिग्नल पुढच्या उपकरणाला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर किंवा अ‍ॅक्टिव्ह स्पीकरला द्यायचा असेल तर दोघांमध्ये काही तरी ठरलेलं हवं. एकाने कुजबुजायचं आणि दुसऱ्याने ओरडणं अपेक्षित धरायचं, असं चालत नाही. या ठरलेल्या पातळीलाच लाइन लेव्हल म्हणतात.

"लाइन" हा शब्द टेलिफोन आणि रेडिओच्या लाइनींमधून आला. जुन्या काळी ६०० ओहमच्या लाइनवर १ मिलिवॅट ही मोजमापाची पायरी धरत. आता पहिल्या वर्षाचं गणित करा: १ मिलिवॅट गुणिले ६०० ओहम, त्याचं वर्गमूळ. उत्तर येतं ०.७७५ व्होल्ट. डीबीयू या एककाचा शून्य हाच. १९३९ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून व्हीयू मीटर ठरवला, तो याच १ मिलिवॅटच्या हिशोबावर. आजही स्टुडिओतली उपकरणं अधिक ४ डीबीयू, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट या पातळीवर बोलतात. घरगुती टेप डेक आणि अ‍ॅम्प्लिफायरची पातळी खालची, उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट.

मग हे २ व्होल्ट कुठून आले? ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर, सोनीचा सीडीपी-१०१, विक्रीला आला. त्याचं आउटपुट २ व्होल्ट होतं, आणि पुढच्या सीडी प्लेअरांनी तोच रिवाज चालवला. आज हॉस्टेलवर सीडी दिसत नाही, पण तिचे २ व्होल्ट मागे राहिले आहेत.

इथे एक बारीक गोष्ट आहे, व्हायवाला विचारतील म्हणून लक्षात ठेवा. ०.३१६ व्होल्ट ही *सरासरी* पातळी आहे, तर २ व्होल्ट हे *छत* आहे. डिजिटलमध्ये सर्वांत मोठी संख्या एकच असते, तिच्या वर काही नाही. ती संख्या गाठणारी पूर्ण साइन वेव्ह वाजली की डॅक २ व्होल्ट आरएमएस देतो. गाणं मात्र सतत छताला टेकून वाजत नाही. ते बराच वेळ खालीच असतं, मध्येच एखादी तबल्याची थाप वर उसळते. २ व्होल्टच्या छतापासून १६ डेसिबल खाली उतरा, बरोबर ०.३१६ व्होल्ट येतात. म्हणजे सीडी प्लेअर जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला तरी गाण्याची सरासरी ओळखीच्या जागी राहते आणि थापेला उसळायला वर १६ डेसिबल मिळतात. ही वरची मोकळी जागा म्हणजे हेडरूम. आपल्या रूममध्ये ती नसते, सिग्नलमध्ये असावी लागते.

टाकी, पाइप आणि सकाळचे सात

आता नेहमी होणारा घोटाळा. लाइन आउटला २ व्होल्ट आहेत, हेडफोनलाही २ व्होल्ट लागतात, मग हेडफोन थेट लाइन आउटला का लावू नये?

आपल्या हॉस्टेलची गच्चीवरची टाकी आठवा. टाकी जितकी उंच तितका पाण्याला दाब जास्त. हे व्होल्टेज. नळातून दर मिनिटाला किती पाणी येतं, तो करंट. रात्री दोन वाजता नळ उघडा, धो धो पाणी येतं. सकाळी सात वाजता सगळी विंग एकदम नळ उघडते आणि तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार उरते. टाकी तेवढीच उंच असते, पण मधला पाइप बारीक असतो. हा बारीकपणा म्हणजे आउटपुट इम्पीडन्स.

अ‍ॅम्प्लिफायरचं लाइन इनपुट हा रात्री दोनचा नळ आहे. त्याचा इम्पीडन्स १० किलोओहम किंवा त्याहून जास्त, त्यामुळे तो जवळजवळ काही पीत नाही. लाइन आउटचा स्वतःचा इम्पीडन्स १०० ओहम धरला तर २ व्होल्टपैकी १.९८ व्होल्ट पलीकडे पोचतात. हेडफोन म्हणजे सकाळचे सात. ३२ ओहमच्या हेडफोनवर २ व्होल्ट टिकवायचे तर ६२.५ मिलिअँपिअर करंट द्यावा लागतो. पॉवर होते १२५ मिलिवॅट. लाइन आउट या कामासाठी बांधलेलंच नसतं.

खात्री करून घ्यायची असेल तर लॅबमध्ये हा प्रयोग करण्यासारखा आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम५१०२ए ही डॅक चिप प्रोजेक्टवाल्यांच्या ओळखीची आहे. ती २.१ व्होल्ट आरएमएस देते, पण लाइनसाठी. तिच्या नेहमीच्या सर्किटमध्ये आउटपुटला ४७० ओहमचा रेझिस्टर सीरिजमध्ये असतो. आउटपुट मोकळं ठेवून मोजा, २.१ व्होल्ट मिळतात. आता हेडफोनच्या जागी ३२ ओहमचा रेझिस्टर लावल्याचं गणित करा: २.१ गुणिले ३२ भागिले ५०२. उत्तर ०.१३ व्होल्ट! बाकीचे सगळे त्या ४७० ओहमवरच पडतात. प्रत्यक्षात रेझिस्टर लावून बघू नका, कारण चिपला १ किलोओहमपेक्षा कमी लोड देऊ नये असं डेटाशीट सांगतं. प्रयोग मोकळ्या आउटपुटवर आणि उरलेलं वहीत.

हेडफोन अ‍ॅम्पचं मुख्य काम आता स्पष्ट होईल. दर वेळी तो व्होल्टेज वाढवतोच असं नाही. पुष्कळदा तो फक्त पाइप जाड करतो. व्होल्टेज तेवढंच ठेवून मागेल तेवढा करंट देतो. म्हणून हेडफोन अ‍ॅम्प विकत घेताना "किती व्होल्ट" विचारल्यावर लगेच "किती ओहमच्या लोडवर" हा दुसरा प्रश्न विचारायचा. तिसरा प्रश्न आउटपुट इम्पीडन्स किती हा. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा एक सोपा ठोकताळा आहे. ३२ ओहमला ४ ओहम. खोक्यावर व्होल्ट लिहिलेत आणि लोड लिहिलेला नाही, तर तो आकडा अर्धा समजावा.

मग लागतात तरी किती?

इथे एका ज्युनियरची गोष्ट सांगतो. त्याच्याकडे ३२ ओहमचे इअरफोन होते, सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला १०० डेसिबल. मोबाइलला लावायचा छोटा डोंगल होता, तो १ व्होल्ट द्यायचा. साहेबांना ४ व्होल्टचा बॅलन्स्ड अ‍ॅम्प घ्यायचा होता, कारण "आत्ता आवाज मोकळा वाटत नाही." किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या मेस बिलाएवढी. मी त्याला कागद-पेन घेऊन बसवलं.

पहिली पायरी: मिलिवॅटचा आकडा व्होल्टमध्ये आणायचा. ३२ ओहमवर १ व्होल्ट म्हणजे ३१.२५ मिलिवॅट. १ मिलिवॅटपेक्षा हे साधारण १५ डेसिबलने जास्त. म्हणजे या इअरफोनला १ व्होल्ट दिला तर आवाज ११५ डेसिबल.

दुसरी पायरी: ऐकायचं किती? सरासरी ८५ डेसिबल धरू, हाही मोठाच आवाज आहे. ११५ वरून ३० डेसिबल खाली. व्होल्टेजमध्ये ३० डेसिबल म्हणजे सुमारे ३२ पट कमी. उत्तर ०.०३२ व्होल्ट, म्हणजे ३२ मिलिव्होल्ट.

तिसरी पायरी: तबल्याची थाप, ड्रमचा ठोका यासाठी २० डेसिबल हेडरूम ठेवू. व्होल्टेज दहापट. ०.३२ व्होल्ट.

संपलं. सगळ्यात जोरदार ठोक्याला त्याला पाव व्होल्टच्या थोडं वर लागतं. त्याच्या डोंगलकडे १ व्होल्ट आहे, म्हणजे वर आणखी १० डेसिबल जागा पडून आहे. ४ व्होल्टचा अ‍ॅम्प त्यात आणखी १२ डेसिबल घालणार आणि ती जागा कधीच वापरली जाणार नाही. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. उलट जास्त गेन असलेला अ‍ॅम्प स्वतःचा खरखराटही वाढवून देतो. सेन्सिटिव्ह इअरफोनवर शांत जागी तो "स्सस्स" असा ऐकू येतो.

आता हाच हिशोब दुसऱ्या टोकाला. ३०० ओहमचा मोठा हेडफोन, १ व्होल्टला ९७ डेसिबल देणारा. सरासरी ८५ डेसिबलसाठी पाव व्होल्ट लागतो आणि ठोक्यासाठी दहापट, म्हणजे २.५ व्होल्ट. इथे १ व्होल्टचा डोंगल खरोखरच कमी पडतो. ठोके छताला आपटतात, वेव्हचं डोकं सपाट होतं, आवाज चिरकतो. करंट मात्र फार लागत नाही, २.५ व्होल्टलाही ८ मिलिअँपिअरच्या आसपास. म्हणजे या हेडफोनला उंच टाकी हवी, जाड पाइप नको. ३२ ओहमच्या, कमी सेन्सिटिव्हिटीच्या काही हेडफोनांना उलट जाड पाइप हवा. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, इथे पाय पाहून अंथरूण घ्यायचं.

त्या ज्युनियरचा "मोकळा न वाटणारा" आवाज कशामुळे होता? त्याचे रबरी टिप्स कानात नीट बसत नव्हते. फट राहिली की आधी बास गळतो, आणि पंख्याचा आवाज आत येतो म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो. योग्य मापाचे टिप्स घेतले, काम झालं. मेस बिल शाबूत.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

इंजिनिअरला पडायलाच हवा असा पुढचा प्रश्न: यूएसबीला ५ व्होल्ट असतात, काही चिप तर ३.३ व्होल्टवर चालतात. मग त्यातून २ व्होल्ट आरएमएस निघतात कसे?

२ व्होल्ट आरएमएसच्या साइन वेव्हचा माथा २.८३ व्होल्टवर असतो, तळ उणे २.८३ वर. माथ्यापासून तळापर्यंत ५.६६ व्होल्ट. ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायमध्ये हे मावतच नाही. अगदी आदर्श सर्किट धरलं तरी १.७७ व्होल्ट आरएमएसच्या वर जाता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर उपाय असा, की चिपमध्येच चार्ज पंप बसवतात. एक कपॅसिटर चार्ज करायचा, मग उलटा करून जोडायचा, हे भराभर करत राहायचं. त्यातून उणे ३.३ व्होल्ट तयार होतात. आता अधिक ३.३ ते उणे ३.३ अशी ६.६ व्होल्टची विहीर मिळाली, त्यात ५.६६ आरामात बसतात. पीसीएम५१०२ए ३.३ व्होल्टवर चालून २.१ व्होल्ट देते ती अशी. शिवाय सिग्नल शून्याभोवती फिरत असल्याने आउटपुटला डीसी अडवणारा मोठा कपॅसिटर लागत नाही. तुमच्या खिशातला डोंगल एवढा लहान असण्याचं हे एक कारण आहे.

बॅलन्स्डचे ४ व्होल्टही याच युक्तीचे भाऊबंद. एका तारेवर २ व्होल्ट, दुसऱ्या तारेवर तेच उलटे. दोन तारांमधला फरक ४ व्होल्ट. जादू काही नाही.

नॉब आधी की गेन आधी?

पोर्टेबल हेडफोन अ‍ॅम्पच्या जगात सीमॉय हे सर्किट गुरुस्थानी आहे. च्यू मॉय या छंदिष्टाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ते प्रसिद्ध केलं. एक ड्युअल ऑप-अ‍ॅम्प, एक ९ व्होल्टची बॅटरी, चार-दोन रेझिस्टर-कपॅसिटर, आणि हे सगळं पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत. मूळ सर्किटमध्ये १० किलोओहम आणि १ किलोओहमचा फीडबॅक आहे, म्हणजे गेन ११.

आता या सीमॉयला आजचा २ व्होल्टचा डॅक जोडा. बॅटरीचे दोन भाग केले की अधिक-उणे ४.५ व्होल्ट मिळतात, आणि ऑप-अ‍ॅम्प टोकापर्यंत पोचत नाही, थोडा आधीच थांबतो. आरएमएसमध्ये दोन-सव्वादोन व्होल्ट धरा. गेन ११ असेल तर पाव व्होल्टसुद्धा आत न देता छत गाठलं! सीमॉयमध्ये व्हॉल्यूमचा पॉट ऑप-अ‍ॅम्पच्या *आधी* असतो, म्हणून नॉब अगदी कमी ठेवून काम भागतं. पण मग नॉबचा सुरुवातीचा थोडासाच भाग वापरात राहतो, आणि स्वस्त पॉटचे डावे-उजवे भाग नेमके तिथेच जुळत नाहीत. गाणारा एका बाजूला सरकतो. उपाय वीस पैशांचा आहे: १० किलोओहमच्या जागी १ किलोओहम लावा, गेन २ होतो.

२०११ मध्ये आलेलं ओटू हे खुलं डिझाइन वेगळ्या वाटेने गेलं. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाने ते केलं, आणि त्याचं खरं नाव त्याने कधी सांगितलं नाही. त्यात गेनचा टप्पा आधी आणि पॉट *नंतर* आहे. फायदा असा, की नॉब कमी केला की गेनच्या टप्प्याचा खरखराटही कमी होतो. पण याची एक किंमत आहे. त्याचे नेहमीचे गेन २.५ आणि ६.५. अडॅप्टरवर तो साधारण ७ व्होल्ट आरएमएसपर्यंत जातो. २ व्होल्ट गुणिले २.५ म्हणजे ५ व्होल्ट, ठीक. २ व्होल्ट गुणिले ६.५ म्हणजे १३ व्होल्ट, छत फुटलं. आणि हे नॉबच्या आधीच घडतं, त्यामुळे नॉब कितीही कमी करा, चिरकणं जात नाही. आवाज हळू आणि तरी फाटलेला असेल तर पहिला संशय इथे घ्यायचा.

गॅदरिंगच्या दिवशी लॅपटॉप मिक्सरला जोडताना हेच होतं. लॅपटॉपच्या जॅकमधून १ व्होल्टच्या आसपास येतं आणि कोणी तरी तो मिक्सरच्या माइकच्या सॉकेटमध्ये खुपसतो. ते इनपुट काही मिलिव्होल्टसाठी असतं. शेकडो पट जास्त सिग्नल आत गेल्यावर फेडर खाली ओढून उपयोग नाही. लाइनचा सॉकेट वापरायचा. कल्चरल कमिटीने हे वाक्य स्टेजमागे चिकटवावं.

२ व्होल्ट खरंच कुठे हवेत?

एवढं वाचून २ व्होल्ट म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष काढू नका. सिग्नल पुढच्या उपकरणाला द्यायचा असेल तर जास्त व्होल्टेज खरोखर उपयोगी पडतं. समजा, वाटेत ५ मायक्रोव्होल्टचा खरखराट मिसळतो. सिग्नल १ व्होल्टचा असेल तर दोघांत १०६ डेसिबल अंतर राहतं, २ व्होल्टचा असेल तर ११२. लांब केबल, पंख्याचा रेग्युलेटर, चार्जरचा गुणगुणाट, यांच्याशी झुंज द्यायला हे ६ डेसिबल कामाला येतात. म्हणून नियम सोपा आहे: सिग्नल सुरुवातीलाच भरपूर घ्या, पुढे गेन शक्य तितका कमी ठेवा, आणि आवाज शेवटच्या नॉबवर कमी-जास्त करा. मोबाइल अर्ध्यावर आणि अ‍ॅम्प फुल, ही उलटी तऱ्हा. त्यात खरखराटच मोठा होतो.

मोठा की चांगला?

दुकानात दोन डोंगल लागोपाठ ऐकवले तर जास्त व्होल्टवाला चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं, की आवाज वाढला की कानाला बास तुलनेने जास्त ऐकू येऊ लागतो. म्हणजे एक डोंगल १.७ व्होल्टचा आणि दुसरा २ व्होल्टचा असला तर फरक जेमतेम १.४ डेसिबलचा. "मोठा आहे" असं कोणी म्हणत नाही, "भरदार आहे" असं म्हणतात. आणि त्या भरदारपणाचे पैसे मोजतात.

आम्ही पाच जणांनी लॅबमध्ये हे करून पाहिलं. मेकॅनिकलच्या एका मित्राकडे दोन डोंगल होते, एक जुना, एक महागडा नवा. आधी दोन्ही फुल व्हॉल्यूमवर ऐकले. पाचही मतं नव्याला. मग व्होल्टेज मोजून दोन्ही एका पातळीवर आणले आणि कोणता चालू आहे ते न सांगता ऐकवलं. नंतर मात्र एकमत होईना. एकाने जुन्यालाच "नव्याचा बास" म्हणून दाद दिली. मित्राचा चेहरा पाहण्यासारखा होता. नवा वाईट होता असं नाही. फक्त किमतीतला फरक कानात सापडला नाही.

तुम्हालाही करायचं असेल तर पद्धत लिहून घ्या. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झची पूर्ण अ‍ॅम्प्लिट्यूडची साइन वेव्ह बनवा. ५० हर्ट्झ अशासाठी, की साधे मल्टिमीटर मेन्सच्या फ्रीक्वेन्सीला नीट मोजतात, वर गेलं की खोटं बोलू लागतात. कानातून हेडफोन काढा, मगच टोन सुरू करा. हेडफोन जोडलेला ठेवून, म्हणजे लोडवर, एसी व्होल्ट मोजा. बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मीटरवर अवलंबून राहू नका. त्याची एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते आणि तो ०.१ व्होल्टच्या पायरीने उड्या मारतो. लॅबमधला २ व्होल्ट रेंजचा चांगला मीटर मागा, लॅब असिस्टंट काका चांगल्या मूडमध्ये असताना. सीआरओ वापरत असाल तर २ व्होल्ट आरएमएस म्हणजे स्क्रीनवर माथा ते तळ ५.६६ व्होल्ट. बॅलन्स्ड आउटपुटला सीआरओची अर्थ क्लिप लावू नका, तिथली उणे तार अर्थ नसते, आउटपुट शॉर्ट होईल.

व्होल्टेज दुप्पट, वेळ चौथाई

आता शेवटचा हिशोब, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून सुरक्षित ऐकण्याचं एक मानक केलं, एच.८७०, वर्ष २०१८. मोठ्या माणसांसाठी त्याचा हिशोब आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की ऊर्जा दुप्पट, म्हणून वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास.

आता जोडणी करा. व्होल्टेज दुप्पट म्हणजे ६ डेसिबल. म्हणजे नॉब तिथेच ठेवून १ व्होल्टच्या जागी २ व्होल्टचं उपकरण लावलं, की कानाचा आठवड्याचा कोटा चौथाईवर येतो. ४ व्होल्टचं लावलं तर सोळाव्या हिश्श्यावर. अ‍ॅपलने २०१८ मध्ये आणलेला यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा छोटा अडॅप्टर अमेरिकेत १ व्होल्ट देतो आणि युरोपातला तोच अडॅप्टर ०.५ व्होल्ट, कारण युरोपात आवाजाच्या मर्यादेचे नियम आहेत. "युरोपवाला कमजोर आहे" असं हिणवणाऱ्यांनी वरचं ३२ मिलिव्होल्टचं गणित पुन्हा वाचावं.

आणि एक धोका तर ठळक अक्षरात सांगायला हवा. काही पोर्टेबल डॅकमध्ये एकच जॅक दोन कामं करतो. बटण दाबून किंवा मेनूतून तो हेडफोन आउट किंवा लाइन आउट होतो. लाइन आउटमध्ये व्हॉल्यूम बायपास होतो आणि पूर्ण २ व्होल्ट सतत बाहेर येतात. स्पीकरला लावून झाल्यावर मोड न बदलता कोणी तेच उपकरण इअरफोनला जोडलं, तर त्या ज्युनियरच्या इअरफोनवर छत १२१ डेसिबलचं होतं. रात्री पीएलमध्ये अभ्यास करताना, अर्धवट झोपेत, कानात. त्यामुळे सवय लावून घ्या: आधी प्ले करा, इअरफोन हातात धरून कानापासून लांब ऐका, मगच घाला. गेलेलं ऐकणं परत येत नाही, त्याला एटीकेटी नाही.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी खोकं हातात आलं की चार प्रश्न विचारा. हे व्होल्ट लाइनचे की हेडफोनचे? किती ओहमच्या लोडवर? माझ्या हेडफोनला ठोक्यासकट किती लागतात? आणि आत्ता माझ्याकडे किती आहेत? चौथ्याचं उत्तर तिसऱ्यापेक्षा मोठं आलं तर खोकं परत ठेवा, पैसे खिशात ठेवा आणि गाणं तेच ऐका. तिसरं मोठं आलं तर बिनधास्त घ्या, तुमची गरज खरी आहे. गणित अडलं तर रूमवर या, कागद-पेन माझ्याकडे आहे. चहा तेवढा तुमच्याकडून.